पिवळा थेंब

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका काकूंनी मला त्यांच्या गच्चीवर बोलावलं. पीव्हीसी पाइपांत लेट्यूस आणि पालक, खाली 40 लिटरची टाकी. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यानं लांबूनच सांगितलं असतं, ‘केवडा पडलाय’. म्हणजे लोह मिळत नाही. काकूंनी लगेच सामू (pH) मोजायचं पेन पुढं केलं. ‘‘सामू 5.9 आहे, रोज बघते मी!’’

मी खिशातल्या बाटलीतले रंगदर्शकाचे दोन-तीन थेंब टाकीतल्या पाण्याच्या नमुन्यात टाकले. पाणी हिरवं झालं, म्हणजे सामू 7 च्या घरात. मग पेन 6.86 च्या बफरमध्ये, म्हणजे सामू पक्का ठाऊक असलेल्या द्रावणात बुडवलं, तर ते 5.7 दाखवू लागलं. आणल्यापासून ते ड्रॉवरमध्ये कोरडं पडलेलं आणि एकदाही पडताळलेलं नव्हतं. बिचारं रोज इमानानं खोटं बोलत होतं, आणि तेही दशांशासकट.

मातीविना शेतीत बहुतेक भाज्यांना सामू 5.5 ते 6.5 लागतो. त्यावर गेला की लोह द्रावणात टिकेनासं होतं. ईडीटीए या रसायनात बांधलेलं लोह तर साडेसहाच्या पुढं सुटायलाच लागतं. टाकीत खत भरपूर आणि झाड उपाशी, असा प्रकार. त्यात आपलं बोअरचं पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणातून येतं, बायकार्बोनेट घेऊन. आज आम्ल घालून सामू खाली आणावा, तर उद्या तो पुन्हा वर चढलेला. झाडं नायट्रेट उचलतात, त्यानंही तो वरच जातो. म्हणून तपासणी एकदा करून भागत नाही, एक दिवसाआड तरी करावी लागते. स्वस्त साधन लागतं ते यासाठी.

घरातलं सगळ्यांत स्वस्त दर्शक म्हणजे हळद. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो आणि हळदीला चुन्याची जोड दिली की कुंकू होतं. पण हळद रंग बदलते तो सामू सातच्या पुढं गेल्यावर. तोवर लेट्यूसचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शाळेतला लिटमस आम्ल की अल्क एवढंच सांगतो. शोभेच्या माशांच्या दुकानातला सामू तपासायचा संच घेऊन बरेच जण फसतात. त्यात बहुधा ब्रोमोथायमॉल ब्लू असतं आणि ते 6 ते 7.6 एवढ्याच पट्ट्यात बोलतं. 6 ला पिवळं आणि 4 लाही पिवळंच. खाली किती घसरलो ते कळत नाही. 1 ते 14 च्या कागदी पट्ट्यांवर साडेपाच आणि साडेसहा यांतला फरक डोळ्याला धड दिसत नाही. पट्टी घ्यायचीच तर अरुंद पल्ल्याची घ्यावी.

नवख्याला मी सांगतो ते 4 ते 10 दाखवणारे युनिव्हर्सल इंडिकेटरचे थेंब घ्यायला. शाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात ते मिळतात. नारिंगी म्हणजे 5, पिवळा 6, हिरवा 7. आपल्याला पिवळ्यात राहायचंय. झाडाला 5.9 आणि 6.1 सारखेच, मग दशांशाचे पैसे का मोजायचे? भाजी तोलायला सोनाराचा काटा कशाला? फक्त नमुना पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात धरावा. जांभळ्या ग्रो-लाइटखाली रंग वाचणाऱ्यांचं मला नवल वाटतं. द्रावण लोहामुळं आधीच पिवळसर दिसत असेल, तर थेंब न टाकलेला नमुना शेजारी ठेवून रंग ताडावा.

रंग जिथं हरतो तिथूनच मीटर आला. कॅलिफोर्नियातल्या लिंबू-संत्र्यांच्या बागाइतदार संघाच्या प्रयोगशाळेत, रस टिकवायला वापरलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळं लिटमसचा रंगच उडायचा. तिथल्या एका रसायनज्ञानं आपला जुना वर्गमित्र अर्नोल्ड बेकमन याच्याकडं गाऱ्हाणं मांडलं आणि 1934 मध्ये त्यानं काचेच्या इलेक्ट्रोडला व्हॅक्यूम ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर जोडून दिला. त्या यंत्राची किंमत 195 डॉलर होती. आज काही शे रुपयांत पेन मिळतं. पण इलेक्ट्रोडचा काचेचा गोळा तोच आणि त्याची नाजूक तब्येतही तीच.

टाक्या चार-पाच झाल्या की थेंबांचा कंटाळा येतो, तेव्हा पेन जरूर घ्यावं. मात्र त्याच दिवशी 4.01 आणि 6.86 ची बफर पुडीही घ्यावी. गोळा पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणानं ओला ठेवावा. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवणं हा प्रेमापोटी होणारा खून आहे. नीट जपलं तरी इलेक्ट्रोड वर्ष-दोन वर्षांत थकतोच, तेव्हा तो खर्च आधीच धरावा. आणि आम्ल टाकल्यावर लगेच पेन बुडवू नये. द्रावण ढवळून पंधरा-वीस मिनिटं थांबावं.

काकूंचं पेन बफरमध्ये पडताळून आम्ही ताळ्यावर आणलं. त्याची टोपी आता ओली असते. पण त्यांचा विश्वास बसला तो थेंबांवर. रोज सकाळी चहाआधी त्या काचेची छोटी बाटली उन्हाकडं धरतात. मध्यंतरी फोन आला, ‘‘आज जरा पोपटी दिसतंय हो, किती टाकू?’’ मी विचारलं, ‘‘पेन काय म्हणतंय?’’ तर म्हणाल्या, ‘‘त्याला नंतर विचारते.’’