पोटातली टाकी

उत्तनच्या किनाऱ्यावर जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या, प्लास्टिकने झाकलेल्या दिसतात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोळी आता आरामात. पण जाळी विणायची, इंजिन खोलायचं, लाकडाच्या फटी बुजवायच्या, रंग द्यायचा. आणि एक काम, ज्याचं कुणी नावही काढत नाही: गोड्या पाण्याची टाकी धुणं.

आजोबांच्या शिडाच्या होडीत लाकडी पिंप असायचं. उचललं, वाळूवर आडवं केलं, घासलं, संपलं. इंजिन आलं, होडी लांब जाऊ लागली, मग आमच्याकडे ५०० लिटरची लोखंडी टाकी आली. ती बोटीच्या पोटात आधी बसवली आणि वर फळ्या ठोकल्या. बाहेर काढायची तर बोटच फोडावी लागेल. म्हणून ती जागच्या जागी धुवायची. झाकण एवढंसं, त्यातून बारीक अंगाचं पोरच आत जाई. घरात ते पोर मी होतो.

पण बाबांचा एक नेम होता. आदल्या दिवशी सगळं पाणी उपसायचं आणि झाकण रात्रभर उघडं ठेवायचं. सकाळी दोरीला दिवा बांधून तळापर्यंत सोडायचा. विहिरीत उतरणारे करतात तसंच. दिवा मंदावला तर त्या दिवशी काम बंद. "टाकीला घाई नाय, आपल्यालाच असते," असं म्हणायचे. त्यामागचं कारण मला पुढे शाळेत कळलं. लोखंड गंजतं तेव्हा हवेतला प्राणवायू खातं. बंद टाकी रिकामी दिसते, पण आत श्वासापुरती हवा नसते. एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही तिथेच राहतो. दिव्यानेही सगळं कळत नाही. विषारी वायू असला तरी तो जळत राहतो. म्हणून मी आत असताना माझ्या कमरेला दोरी आणि दोरीचं टोक बाबांच्या मुठीत. ते सारखं विचारत, "हाय ना रे?" मी ओरडायचो, "हाय!" आवाज आला नसता तर त्यांनी मला ओढून काढलं असतं, स्वतः उतरले नसते.

आत बुळबुळीत थर असायचा. काथ्याने घासायचा, गाळ डब्यात भरून वर द्यायचा, दोनदा धुवायचं. मी बाहेर आल्यावरच ब्लीचिंग पावडर. टाकीत माणूस असताना ती कधी टाकायची नाही, आणि तिच्यात व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल मिसळायचं नाही. विषारी वायू सुटतो. ताजी पावडर साधारण ८० ग्रॅम, बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी भरलेल्या टाकीत ओतायचं. मग हातपंप मारून नळीतून वास येईपर्यंत पाणी काढायचं. कारण नळी अस्वच्छ राहिली तर टाकी धुऊन काय उपयोग? रात्रभर ठेवून सकाळी सगळं सोडून द्यायचं आणि वास जाईपर्यंत खळखळून धुवायचं.

आता टाक्या प्लास्टिकच्या झाल्यात. झाकणातून लांब दांड्याचा ब्रश फिरतो, पोराला आत घालायची गरज नाही, आणि घालूही नये. पण थर तसाच धरतो, नळी तशीच विसरली जाते.

हिशेब सांगतो. सात माणसं, चार दिवस, पिण्या-रांधण्यासाठी माणशी पाच लिटर धरले तरी १४० लिटर. किनारा दिसत नाही अशा ठिकाणी एकाला जुलाब लागले की सात जणांचं पाणी एकाच टाकीतलं, हे आठवतं. चहूकडे समुद्र असतो, पण त्यातलं एक घोटभरही कामाचं नसतं. जाळं फाटलं तर परत विणता येतं, खराब पाण्यावर समुद्रात इलाज नाही.

बंदी उठली की कुणी नारळ वाहतो, कुणी फादरना बोलावून होडीवर आशीर्वाद घेतो. दोन्ही चांगलं. पण बाबा त्याआधी टाकीतलं पाणी पेल्यात काढून स्वतः पीत, आणि मगच खलाशांना सांगत, "भरा आता."