शेडचा नकाशा

अमरावतीचं आजोबांचं घर पाडलं तेव्हाची सागवानी दारं बाबांनी जपून ठेवलीत. त्यांना रंधा मारता यावा म्हणून अकोल्याच्या घरामागे १० बाय १२ ची शेड घालायचं ठरलं. नकाशा मी लॅपटॉपवर काढला. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपार जातो. म्हणून पश्चिमेची भिंत बंद, खिडकी उत्तरेला, तिच्याखाली ३४ इंच उंच टेबल.

सुट्टीत आलो तेव्हा फक्कीनं आखून दाखवलं. बाबा टेबलाच्या चौकोनापाशी उभे राहिले आणि गुडघा धरला.

"इतका वेळ उभं राहणं होते का माह्याच्यानं आता?"

व्हिडिओ कॉलवर गुडघे कुठे दिसतात!

स्टूल आणला. बसल्यावर त्यांच्या कोपराची उंची मोजली: २४ इंच. टेबल खाली आलं, मग खिडकीही. दारं मात्र ७ फुटी. ती आत फिरवायला कोपऱ्यातलं कपाट नकाशातून काढलं. त्यात माझं सोल्डरिंगचं सामान राहणार होतं.