अण्णांची मीटरची वही

आम्ही बेळगावचे. राहायला शहापुरात आणि पोटापाण्याला उद्यमबागेत. मध्यंतरी इथे एकांनी आपल्या आजोबांच्या दुकानातल्या खतावणीबद्दल लिहिलं होतं. ते वाचल्यापासून आमच्या अण्णांच्या वह्या डोक्यात घोळत होत्या. पोस्ट जरा लांब होणार, सांभाळून घ्या.

आमची छोटी फौंड्री, अण्णांनी १९७८ साली काढलेली. बिडाचं कास्टिंग. पंपाच्या बॉडी, मोटरची कव्हरं, ब्रॅकेटं असला माल. सुरुवातीला कोकवर चालणारा क्युपोला होता. तेव्हापासून अण्णांची एक लांब वही असायची: आज कोकच्या किती पाट्या गेल्या, किती लोखंड पडलं. १९९८ मध्ये विजेची इंडक्शन भट्टी आली आणि क्युपोला गेला, पण वही काही गेली नाही. पाट्यांच्या जागी मीटरचं रीडिंग आलं. सकाळी आठला एकदा, संध्याकाळी काम सुटल्यावर एकदा. रविवारीसुद्धा. कपिलेश्वराचं दर्शन घेतलं की स्कूटर थेट उद्यमबागेकडे. आई म्हणायची, "देवाला दोन मिनिटं आणि मीटरला दहा!"

२०११ मध्ये कारभार माझ्याकडे आला. मी पहिल्याच महिन्यात वही बंद केली. "अण्णा, कशाला लिहायलाय? बिल येतंय की दर महिन्याला." अण्णा काही बोलले नाहीत. वही बंद करून पेन खिशाला लावलं आणि घरी गेले. त्या वेळी मला वाटलं, त्यांना पटलं.

आता २०२२ च्या उन्हाळ्यावर येतो. लॉकडाऊनमध्ये गमावलेलं काम पूर्ण परत आलं नव्हतं. भंगार आणि पिग आयर्नचे भाव चढलेले. आमच्या धंद्यात कच्च्या मालानंतरचा मोठा खर्च म्हणजे वीज, आणि ते बिल बघून पोटात गोळा यायचा. चुलतभाऊ भागीदार. तो एका संध्याकाळी घरी येऊन स्पष्टच बोलला, "जागेला गिऱ्हाईक आलंय. भाव बरा आहे. दिवाळीपर्यंत काय ते ठरव." त्याचं चुकीचं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही मनातून तयारच होतो. फक्त चोवीस माणसं आणि अण्णा, यांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

लेक मेकॅनिकलला शिकत होती, सुट्टीला घरी आलेली. तिच्या कानावर हे गेलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "बाबा, विकायचं ते नंतर विका, खरं वीज जातेय कुठे ते आधी बघूया की."

तिने दाखवलं ते 'मेझर' नावाचं सॉफ्टवेअर. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं. पंप, पंखे, भट्ट्या, वाफ, दाबाची हवा, प्रत्येकाचा वेगळा हिशेब त्यात मांडता येतो. एक पैसा पडत नाही, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. मी आधी हसलो. फुकट वस्तूवर माझा विश्वास नाही. शिवाय अमेरिकेच्या कारखान्यांसाठी केलेलं, त्यात आमची अर्ध्या टनाची भट्टी कुठे बसणार? तिने मोजमापं मेट्रिकवर घेतली, विजेचा दर रुपयांतला घातला आणि म्हणाली, "बसली. आता आकडे द्या."

तिथेच घोडं अडलं. आकडे कुठे होते? बारा बिलं होती, बस्स. बिल महिन्याचं असतं. सोमवारी काय झालं, रात्री काय झालं, एक टन वितळवायला किती युनिट लागले, हे बिल सांगत नाही. भट्टीला वेगळा मीटर लावलेला होता, तोही अण्णांनीच. त्याच्या काचेवर बोटभर धूळ.

लेक माळ्यावर चढली आणि अण्णांच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन खाली आली. अण्णा तेव्हा चौऱ्याऐंशीचे. सकाळी काय जेवले ते संध्याकाळी आठवायचं नाही. तिच्या हातातली वही बघितली आणि खुर्चीतून उठले. "काय शोधायलीस बाळ?"

"आजोबा, एका टनाला युनिट किती जायचे?"

अण्णांनी शेवटची वही उघडली आणि बोट ठेवलं. २०११ सालच्या पानांवर सरासरी ६४० च्या आसपास.

मग आम्ही भट्टीचा मीटर पुसला आणि आठवडाभर रोज लिहिलं. टनामागे ७४०. माल तोच, भट्टी तीच, आणि टनामागे शंभर युनिट जास्त. मी गप्पच झालो.

लेकीचं पुढचं म्हणणं, रविवारचं रीडिंग घ्यायचं. कारखाना बंद असताना मीटर किती फिरतो ते बघायचं. शनिवारी संध्याकाळी सहाला आणि सोमवारी सकाळी सातला ती मीटर खोलीत गेली. फरक आला एक पूर्णांक एक दशांश. खूश होऊन सांगायला आली, "आजोबा, फक्त सव्वा युनिटसुद्धा नाही!" अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "गुणक घातलास काय?"

हाय टेन्शनच्या मीटरचं हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सगळा करंट मीटरमधून जात नाही, ट्रान्सफॉर्मरने कमी करून दाखवलेला जातो. म्हणून रीडिंगच्या फरकाला ठराविक आकड्याने गुणावं लागतं. आमचा गुणक ४००. अण्णांच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर तो लाल शाईने लिहिलेला आहे. जेवण विसरणारा माणूस गुणक विसरला नव्हता. एक पूर्णांक एक गुणिले चारशे, म्हणजे ४४० युनिट. एका बंद रविवारचे.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं उद्यमबागेत गेलो. यंत्रं बंद, सगळीकडे शांत. आणि त्या शांततेत सापासारखा फूत्कार येत होता. इथून, तिथून, वरून. कामाच्या दिवशी कधी ऐकूच आला नव्हता. कॉम्प्रेसर बंदच केलेला नव्हता. हवा गळत होती आणि तो रविवारभर ती भरत होता. भट्टीच्या पाण्याचा पंपही चालू. शेवटची हीट ओतल्यावर काही तास पाणी फिरवावंच लागतं, नाहीतर कॉइलला धोका. पण भट्टी गार झाल्यावर पंप बंद करायचा, हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. तो थेट सोमवारपर्यंत फिरायचा.

गळती मोजायची रीत सोपी आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, त्यात दिलेली आहे. हवा वापरणारं सगळं बंद ठेवायचं आणि घड्याळ लावायचं. कॉम्प्रेसर किती वेळ हवा भरतो आणि किती वेळ थांबतो, एवढंच. आमचा तीन मिनिटं भरायचा, पाच मिनिटं थांबायचा. आठातली तीन मिनिटं, म्हणजे साडेसदतीस टक्के हवा नुसती गळत होती. गळती शोधायला कसलं यंत्रही लागलं नाही. साबणाचं पाणी आणि ब्रश. लेक फुगे मोजत गेली आणि प्रत्येक ठिकाणी खडूने फुली मारत गेली. एकतीस फुल्या.

सोमवारी सकाळी आमचे फोरमन आले. एकवीस वर्षं आमच्याकडे. त्यांनी फुल्या बघितल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. "मालक, आमच्यावर पाळत ठेवायलाय काय?" मी काहीतरी सारवासारव करायला लागलो. तेव्हा ते म्हणाले, "ही समोरची फुली मी तुम्हाला तीनदा दाखवली होती. तुम्ही म्हणाला, आत्ता माल निघू दे, नंतर बघू."

खरं होतं ते. तीनदा दाखवलं होतं आणि तीनदा मी तेच बोललो होतो. लेक शेजारीच उभी होती.

त्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना एकत्र बसवलं. जागा विकायचं चाललंय तेही सांगितलं. लपवून काय उपयोग? वहीतले दोन आकडे फळ्यावर लिहिले, ६४० आणि ७४०, आणि विचारलं, हे मधले शंभर कुठे जातात ते तुम्हीच सांगा. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग बोलायला लागले ते थांबेचनात. भट्टीचं झाकण मोडल्यापासून उघडंच असतं. परत वितळवायचे रनर-रायझर वाळूसकट पडतात, त्या वाळूचा मळ होतो आणि तोही आपण वीज जाळून वितळवतो. साचे तयार नसताना धातू तयार होतो, मग तो गरम ठेवत अर्धा तास वाट बघायची. यातलं एकही सॉफ्टवेअरने सांगितलं नाही. सॉफ्टवेअरने एवढंच केलं की प्रत्येक गोष्टीची किंमत रुपयांत दाखवली, आणि कुठलं आधी करायचं ते त्यावरून ठरलं.

झाकण दुरुस्त झालं. रनर साफ करून मगच भट्टीत. साचे मोजल्याशिवाय शेवटचा चार्ज नाही. एकतीस फुल्यांपैकी सव्वीस पंधरा दिवसांत बुजल्या, बहुतेक ठिकाणी नुसता वॉशर आणि क्लिप. कॉम्प्रेसरचा दाब साडेसातवरून साडेसहावर आणला, कुणाचं काही अडलं नाही. एक बार दाब कमी केला की सहा-सात टक्के वीज वाचते. पंप गार झाल्यावर वॉचमन बंद करतो.

दिवाळीपर्यंत टनामागे ६५५ वर आलो. सगळं मिळून महिन्याला साठेक हजार रुपये वाचायला लागले. आता, साठ हजारांनी फौंड्री तरते असं मी म्हणणार नाही. त्याच सुमारास पंपाचं एक जुनं गिऱ्हाईक परत आलं, ते नसतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण चुलतभावाने फळ्यावरचे आकडे बघितले आणि म्हणाला, "एक वर्ष थांबतो." ते वर्ष होऊन गेलं. अजून थांबलाय.

एक सल आहे ती सांगतो. केंद्राच्या ब्युरोने परदेशी संस्थांच्या मदतीने लघुउद्योगांसाठी ऊर्जा बचतीचा एक प्रकल्प चालवला. त्यातल्या फौंड्रींच्या तीन गावांत कोईमतूर आणि इंदूरबरोबर आपलं बेळगाव होतं. माझ्याकडेही बैठकीचं बोलावणं आलं होतं. मी एकदाही गेलो नाही. फुकटचं ते बिनकामाचं, असं धरून बसलेलो. इंदूरच्या मंडळींपैकी कुणी गेलं असेल तर जरूर लिहा.

तर ज्यांचा छोटा-मोठा कारखाना आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं. 'मेझर' फुकट आहे. महिन्याची बिलं आणि उत्पादन शेजारी मांडून बघायला त्यांचंच 'व्हेरिफाय' आहे, तेही फुकट, आणि माहिती आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. पण दोन्हींच्या आधी एक वही घाला. एका रविवारी कारखान्यात जाऊन गप्प उभे राहा आणि मीटर बघा. आणि तुमच्या फोरमनने तीनदा काय सांगितलं होतं ते आठवा. आमच्याकडे सगळ्यात अवघड तेच गेलं.

अण्णा गेल्या वर्षी गेले. जमेल तोवर ते दर रविवारी गाडीत बसून यायचे आणि रीडिंग स्वतः लिहायचे. शेवटी अक्षर फार हलायचं, पण आकडा बरोबर असायचा. आता वही फोरमन लिहितात. आकडे तेच, शेरा कन्नडमध्ये. लेक शाळेत कन्नड शिकली, ती भराभर वाचते, मी अडखळत वाचतो. जुन्या मराठी वह्या आणि ही कन्नड वही एकाच कपाटात आहेत. नव्या वहीच्या पहिल्या पानावर फोरमननी न सांगता लाल शाईने लिहून ठेवलंय: ४००.

परवाच्या रविवारचे युनिट ऐंशी.

तुमच्या घरात अशी एखादी वही असेल, तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. आणि इथे लिहा, वाचायला आवडेल.