फुफीजानचा फोटो
दादी गेल्या तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो निघाला, आधार कार्डावरचा. म्हणून आम्ही भावंडांनी फुफीजानचे कृष्णधवल फोटो काढायला घेतले. सिनेमाआधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवणारे दादासाहेब फाळके आमच्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकचे (जन्म १८७०). आमच्या हाताला मात्र त्यांचा वारा लागलेला नव्हता. नुसता रंग काढला की झाले, असे वाटायचे. पण फ्लॅशने सुरकुत्या पुसल्या आणि पांढऱ्या ओढणीचा चुन्यासारखा डाग झाला. मग जुन्या नाशकातल्या घराच्या दारात, उंबऱ्याच्या आत, सावलीत त्यांना बसवले. फ्लॅश बंद. चेहरा थोडा दाराकडे. मोबाइलवर ओढणीवर बोट टेकवून उजेड कमी केला, तेव्हा कुठे तिची वीण दिसली. फोटो पाहून फुफीजान दचकल्या, “अरे, ही तर अम्मी!”