पांढरी बट, पण हौसेची

मागच्या आठवड्यात धाकट्या जावेचा फोटो टाकला तेव्हापासून इनबॉक्समध्ये दोनच प्रकारचे मेसेज येऊन राहिले. एक, "वहिनींना काही झालं का हो, एवढी पांढरी बट?" आणि दोन, "कोणत्या पार्लरमध्ये केलं?" दोघांनाही एकच उत्तर लिहिते. जरा लांब आहे, सवडीनं वाचा. काही झालेलं नाही आणि पार्लरमध्येही केलेलं नाही. आमगाव तालुक्यातल्या आमच्या घराच्या मागच्या आंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, दोन रविवार घालवून आम्ही दोघींनी केलं.

जाऊ छत्तीस वर्षांची. दीर एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तेव्हापासून ती एका राईस मिलमध्ये हिशेब लिहिते, पोरीची शाळा बघते, धानाच्या चुकाऱ्याचं ऑनलाईनही तीच बघते. केस काळेभोर, अजून एकही पांढरा नाही. आणि हिला हवी होती कपाळापासून मागे जाणारी एक पांढरी बट. काहून? तर लहानपणी आजोबांच्या घरी भिंतीवर इंदिरा गांधींचा फोटो होता, त्यातली ती बट तिला तेव्हापासून आवडायची. बस्, एवढंच कारण. मी आणखी खोलात विचारलं नाही. लिपस्टिकचा रंग निवडताना आपण कुणाला कारण विचारतो का?

आता कसं केलं ते. हा भाग थोडा नीट वाचा, कारण यूट्यूबवर दोन मिनिटांत दाखवतात तसं ते होत नाही.

काळ्या केसावर पांढरा रंग चढवता येत नाही. आधी आतला काळा काढावा लागतो. तो रंग म्हणजे मेलॅनिन. ब्लीच पावडर आणि डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साईड, एकत्र केलं की ते केसात शिरून मेलॅनिन मोडतं. डेव्हलपरच्या बाटलीवर २०, ३०, ४० असे आकडे असतात. २० म्हणजे ६ टक्के पेरॉक्साईड, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. गोंदियातल्या दुकानदारानं "मॅडम, ४० न्या, एकाच वेळेत काम होते" असं सांगितलं. आम्ही २० घेतलं. वेळ जास्त लागतो, पण केस आणि टाळू दोन्ही शाबूत राहतात. डोकं काही धानाची खेप नाही की आजच्या आज उतरवली पाहिजे.

दोन दिवस आधी कानामागे थेंबभर मिश्रण लावून बघितलं. मानेजवळचे चार केस कापून त्यांच्यावरही प्रयोग केला. डोकं आदल्या दिवशी धुतलं नाही, टाळूवरचं नैसर्गिक तेल तेवढंच आडवं येतं. मिश्रण प्लास्टिकच्या वाटीत, स्टीलच्या नाही, कारण धातूशी पेरॉक्साईडचं जमत नाही. हातात मोजे. आणि बसायचं उघड्यावर, कारण त्या पावडरीत पर्सल्फेट असतं. पार्लरमध्ये वर्षानुवर्षं ते हुंगणाऱ्या बायकांना त्यानं दमा होऊ शकतो, ही जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. आपल्याकडे पार्लरवाल्या पोरी बंद खोलीत, मास्कशिवाय हे कालवतात. त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, तो वेगळ्या पोस्टचा विषय.

बट पातळ घेतली. पोळ्या गुंडाळायची फॉइल खाली ठेवली (सासूबाई: "आता पोरीचा डबा कायच्यात बांधू?"). मुळापासून अर्धा इंच सोडून लावायला सुरुवात केली, मुळं शेवटी. डोक्याच्या उष्णतेनं मुळाशी काम लवकर होतं, आधी तिथे लावलं तर मुळं पांढरी आणि टोकं नारिंगी. दर दहा मिनिटांनी फॉइल उघडून बघायचं. काळ्याचा आधी विटकरी झाला, मग नारिंगी, आणि पाकिटावर लिहिलेली वेळ संपत आली तेव्हा हळदीसारखा पिवळा. तिथे थांबलो. धुतलं, खोबरेल लावलं, पंधरा दिवस तसंच ठेवलं. ते पंधरा दिवस ती मिलमध्ये नारिंगी-पिवळ्या बटेनं गेली. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, हळद सांडली का?" ती म्हणाली, "हो." झालं.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. या वेळी पिवळा फिकट होत होत केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा झाला. इथेच थांबायचं असतं, आणि इथेच लोक थांबत नाहीत. अजून पांढरं व्हावं म्हणून ठेवत राहतात आणि केस रबरासारखा ताणून तुटतो. ब्लीचनं शुभ्र पांढरं होत नसतं. शेवटचा पिवळा ब्लीचनं नाही, टोनरनं जातो.

टोनर म्हणजे काय ते समजायला आपल्या आज्यांना दोन मिनिटंही लागली नसती. पिवळं पडलेलं धोतर त्या निळीच्या पाण्यातून काढत, आणि धोतर पांढरं दिसायचं. पिवळा कुठे गेलेला नसतो, निळी-जांभळी छटा त्याला झाकते. टोनरमध्ये जांभळी झाक असते, कमी ताकदीच्या, म्हणजे ३ टक्के डेव्हलपरमध्ये कालवून ओलसर केसाला लावतात आणि डोळ्यात तेल घालून बघत बसतात. जास्त राहिलं तर वांग्याची झाक येते. (कपड्याची नीळ डोक्याला लावू नका. कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते.) बारा मिनिटांत धुतलं. उन्हात बट चांदीसारखी दिसली. सासूबाईंनी हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "कापसासारखी आली वो." खरंच आली होती, आणि ब्लीच केलेला केस कापसासारखाच कोरडा होतो, हेही त्यात आलं.

आणि ज्यांनी आधी 'काळी मेहंदी' लावली आहे त्यांनी हे घरी करू नये. मेहंदीच्या पानातून काळा रंग येत नाही, नारिंगी-तांबडाच येतो. काळा करायला त्यात बहुतेक पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि काही मिश्रणांत धातूंचे क्षार. त्यावर पेरॉक्साईड पडलं तर केस तापून जळू शकतात.

दिवाळी झाली, गावोगावी मंडई लागल्या. ही बट घेऊन पहिल्यांदा चारचौघांत गेली ती मंडईतच. मी सोबत होते. दंडार सुरू व्हायची होती, आम्ही मुरमुरे घेऊन उभ्या होतो. नात्यातल्या एक मावशी भेटल्या. त्यांनी बट बघितली, तिच्या गालावर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुःखानं झाली वो बाई हे. आमच्या गावात एकीचे एका रातीत पांढरे झाले होते."

एका रात्रीत केस पांढरे होत नाहीत. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याचा रंग दुःखानं जात नाही. पांढरा केस मुळातून नवा उगवून यावा लागतो. फ्रान्सच्या राणी मारी आंत्वानेतबद्दल हीच गोष्ट सांगतात आणि आमगावातही हीच सांगतात. पण मावशींशी त्या वेळी विज्ञानाचा वाद घालायचा नव्हता. त्या मनापासून कळवळल्या होत्या.

जाऊ गप्प राहू शकली असती. राहिली असती तर त्या दिवशी तिला मुरमुऱ्यांसोबत चहाही मिळाला असता. ती म्हणाली, "नाही मावशी. पावडर लावून पांढरे केले. मले आवडते."

मावशींनी गालावरचा हात काढला. "आवडते?" त्यांनी एवढंच विचारलं. मग माझ्याकडे बघितलं, जणू मोठी जाऊ म्हणून मी यावर काही बोलावं. मी म्हटलं, "मीच लावून दिलं." त्या पुढे गेल्या. संध्याकाळपर्यंत अर्ध्या मंडईला माहीत होतं की अमक्याच्या सुनेनं नवरा गेल्यावर केसं रंगवले.

केसं तर गावात सगळेच रंगवतात. साठीचे काका दर पंधरा दिवसांनी मिशीसकट काळे होऊन येतात, त्यांना कोणी विचारत नाही की आवडते का. हिनं तर उलट पांढरं केलं, जो रंग समाज विधवेला स्वतःहून देतो. तोच रंग, तेच कपाळ. शोकानं आला असता तर चालला असता, तिच्या मर्जीनं आला म्हणून अडला. मला त्या दिवशी कळलं की बोचत होती ती बट नाही, 'आवडते' हे क्रियापद.

विधवेच्या केसावर हक्क कुणाचा, हा वाद या राज्यात जुना आहे. १८९० साली मुंबईत नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला, त्यामागे सत्यशोधक आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे होते. वस्तरा ज्याच्या हातात, त्यानंच तो खाली ठेवला. ही रीत मुख्यतः ब्राह्मण आणि काही वरच्या जातींतली. आमच्या बहुजन घरांत पाट लागायचे, केशवपन नव्हतं. म्हणून आमच्याकडचे लोक छाती फुगवून सांगतात, आपल्यात असं काही नव्हतं. नव्हतं ना? मग मंडईत काय झालं ते सांगा.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायचं परिपत्रक काढलं. चांगलं केलं, त्यात वाद नाही. पण त्या यादीतली प्रत्येक गोष्ट बघा. नवरा असताना जे होतं ते काढू नका, एवढंच ती सांगते. बाईनं नंतर काही नवं घातलं, नवं केलं, जे नवऱ्याच्या वेळीही नव्हतं आणि ज्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्याचं काय? त्याला ठराव नाही. ग्रामसभेत 'हौस' हा शब्द आणायचा कसा, हा प्रश्न मी आमच्या गावात विचारून बघितला. सगळे हसले. एका सदस्या बाई हसल्या नाहीत, त्यांचं नाव इथे लिहीत नाही.

अजून एक, टोनरबद्दलच. आपल्या देशातले सौंदर्यप्रसाधनांचे नियम सांगतात की हेअर डायच्या बाटलीवर आणि खोक्यावर त्वचेच्या त्रासाचा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत हवा, आत कानामागे चाचणी कशी करायची तेही दोन्हीत हवं. भुवया आणि पापण्यांना लावलं तर आंधळेपणा येऊ शकतो, हेही. आम्ही आणलेल्या खोक्यात मराठीची एक ओळ नव्हती. इंग्रजीतलं मी भिंगानं वाचून दाखवलं. जिच्या घरी भिंग नाही आणि वाचून दाखवणारी जाऊ नाही, तिनं काय करायचं? घरात एखादं खोकं असेल तर उलटून बघा आणि मराठी आहे की नाही ते कमेंटमध्ये टाका. मला खरंच गोळा करायचं आहे.

बाकी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं: खर्च पार्लरपेक्षा बराच कमी आला, पण दोन रविवार गेले. जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा, रोज नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी मुळाशी काळं दिसणार. तेव्हा फक्त नव्या काळ्याला लावायचं, जुन्या पांढऱ्यावर पुन्हा ब्लीच चढवलं की बट तुटून हातात येते. तिची मुळं आत्ताच दिसायला लागली आहेत. येत्या रविवारी बसू. फॉइलचा नवा रोल सासूबाईंनीच मागवून ठेवला आहे, डब्याचा वेगळा आणि डोक्याचा वेगळा.