बाबूजींचं देणं

आमच्या विद्यापीठात मूडल या संगणकावरून शिकवण्याच्या व्यवस्थेचा पहिला प्रयोग 2009 साली झाला. जबलपुरात त्याचा विषय निघाला की लोक अजून माझं नाव घेतात आणि दर वेळी मला बाबूजी आठवतात. ते आमच्या विभागाचे टंकलेखक. ते नसते तर तो प्रयोग पहिल्याच सत्रात बंद पडला असता, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे. आपलं नाव छापलेलं त्यांना रुचणार नाही, म्हणून इथेही बाबूजीच म्हणते.

मी नागपूरची. लग्न होऊन नेपियर टाउनमध्ये आले. सासरे गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती, त्यामुळे इथल्या मराठी घरांना नागपूरची सून परकी वाटत नाही. मला परकं वाटलं ते वर्गात. मी अर्थशास्त्र शिकवायची आणि समोर मंडला, डिंडोरी, सिवनी, बालाघाटची हिंदी माध्यमाची मुलं. बालाघाटकडची मुलं तेव्हा नैनपूरमार्गे छोट्या लाइनच्या गाडीनं यायची. पेरणी-कापणीला घरी गेलेलं मूल परत येईपर्यंत दोन-दोन प्रकरणं शिकवून झालेली असायची. बुडालेला भाग त्यांना आपापल्या सवडीनं वाचता यावा, स्वतःची परीक्षा स्वतः घेता यावी, एवढ्यासाठी मला मूडल हवं होतं.

व्यापारी कंपनीची व्यवस्था घ्यायची म्हणजे परवान्याची फी आणि मग निविदा, मंजुऱ्या, शेरे. मूडल मुक्तस्रोत, कुणीही उतरवून घ्यावं, हवं तसं बदलावं. आमच्या लॅब असिस्टंट भय्यानं एका जुन्या संगणकावर लिनक्स टाकून ते बसवलं आणि खोलीतल्या बाकीच्या यंत्रांना जोडून दिलं. वीज गेली की यूपीएसच्या किंकाळीवर धावत येऊन सर्व्हर नीट बंद करायचं कामही त्यानं आपणहून अंगावर घेतलं.

मूडल लिहिणारा मार्टिन डूगियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वाढला. शाळा इतकी लांब की धडे शॉर्टवेव्ह रेडिओवर यायचे. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात काम करताना तिथल्या विकतच्या व्यवस्थेनं समाधान होईना, म्हणून त्यानं स्वतःची लिहायला घेतली आणि 20 ऑगस्ट 2002 रोजी पहिली आवृत्ती जगाला देऊन टाकली. शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलाचं दुःख त्याला माहीत होतं, हे मला त्याच्या कामात पदोपदी जाणवतं. त्या अनोळखी माणसाचंही माझ्यावर ऋण आहेच. पण त्याचं देणं डिंडोरीच्या मुलीपर्यंत पोचवायला इथलाच माणूस लागला.

कारण आमच्या नोट्स होत्या कृतिदेवमध्ये. हिंदी पट्ट्यातल्या कचेऱ्या आणि महाविद्यालयं तेव्हा याच फॉन्टवर चालायची. कृतिदेव युनिकोड नाही, इंग्रजी अक्षरांनाच तो देवनागरीचा वेश चढवतो. त्यामुळे मजकूर मूडलमध्ये चिकटवला की वेश उतरायचा. ‘भारत’ शब्दाच्या जागी एच, के, के, जे, आर अशी अक्षरं. पानच्या पान तसलंच. विभागातल्या वरिष्ठांनी पडद्याकडे पाहिलं आणि सगळं इंग्रजीतच ठेवा असा सल्ला दिला. तो मानला असता तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, तीच मुलं दाराबाहेर राहिली असती.

बाबूजी फायलींवर सह्या घ्यायला आले होते. माझ्या खुर्चीमागे उभे राहून त्यांनी चष्मा वर सारला आणि त्या इंग्रजी अक्षरांच्या चिखलावरून बोट फिरवत सरळ वाचायला लागले, “भारत में कृषि का महत्त्व. भारत एक कृषि-प्रधान देश है...” मी थक्क होऊन बघत राहिले. “मैडम, ये तो साफ लिखा है,” ते म्हणाले. उभं आयुष्य रेमिंग्टनच्या हिंदी यंत्रावर गेलेलं, आणि कृतिदेवचा कीबोर्ड तोच. कुठल्या कळीवर कुठलं अक्षर, हे बोटांनी डोळ्यांना शिकवून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून कचेरीचं काम आटोपलं की ते लॅबमध्ये येऊन बसू लागले. कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर होते, पण ते नेमके अवघड जागी चुकायचे. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये क्रम उलटा. मग ‘अर्थशास्त्र’चं ‘अथर्शास्त्र’ व्हायचं आणि ‘स्थिति’तली वेलांटी अर्ध्या ‘स’वर जाऊन बसायची. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे दोन शब्द किती वेळा येतात! बाबूजी एकेक ओळ वाचत, थांबत, दुरुस्त करत. नवीन मजकुरासाठी भय्यानं त्यांना मायक्रोसॉफ्टच्या इंडिक आयएमईमधला रेमिंग्टन कीबोर्ड लावून दिला, तेव्हा पहिली ओळ युनिकोडमध्ये उमटलेली पाहून ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते. प्रश्नपेढीही त्यांनीच टाइप केली. साध्या नोटपॅडमध्ये, बरोबर उत्तरापुढे बरोबरचं चिन्ह आणि चुकीच्या उत्तरापुढे नागमोडी चिन्ह. फाइल आत घेतली की मूडल आपोआप चाचणी तयार करतं. एखाद्या प्रश्नाचे दोन पर्याय बरोबर ठरत असतील तर तेही ते मला दाखवून देत. विषय त्यांचा नव्हता, पण इतकी वर्षं आमचेच पेपर टाइप करून तो त्यांच्या अंगात मुरला होता.

मुलांना हिंदीत लिहिता यावं म्हणून त्यांनी केलं ते तर मी कधीच विसरणार नाही. रेमिंग्टन मुलांना जड जाणार. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड सोपा, पण तो बाबूजींना येत नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला हा माणूस, आयुष्यभराची बोटांची सवय बाजूला ठेवून, इनस्क्रिप्ट शिकला. त्यांना स्वतःला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मग पुठ्ठ्यावर कळांचे तक्ते सुवाच्य अक्षरात लिहून प्रत्येक संगणकाशेजारी लावले. मुलं एकमेकांना हाक मारायची, “अरे बड्डे, ‘ज्ञ’ कहाँ है?” आणि बाबूजी लांबूनच कळ सांगायचे.

मूडलवरच्या समर्थन मूल्याच्या, म्हणजे हमीभावाच्या, धड्याखाली एके दिवशी डिंडोरीच्या एका मुलीनं लिहिलं, “हमारे यहाँ कोदो-कुटकी होती है। इसका समर्थन मूल्य क्यों नहीं है?” वर्गात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. केंद्राच्या यादीत ज्वारी, बाजरी, नाचणी होती, कोदो-कुटकी नव्हती. पुढचा अख्खा तास त्याच प्रश्नावर गेला. मंडल्याची मुलं बाजारात व्यापारी काय भाव देतो ते सांगू लागली आणि आमचं पाठ्यपुस्तक पहिल्यांदाच त्यांच्या शेतात उतरलं. मी बाबूजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी तिचं वाक्य पडद्यावर वाचलं आणि “पूर्णविराम भी लगाया है,” असं समाधानानं म्हणाले.

प्रयोगाचा अहवाल वर गेला तेव्हा ठरलेल्या नमुन्यात टंकलेखकासाठी रकाना नव्हता. ‘तांत्रिक सहाय्य’ या दोन शब्दांत भय्या आणि बाबूजी दोघेही मावले. मी वेगळं पत्र जोडलं, त्याचं उत्तर आलं नाही. मुक्तस्रोताबद्दल बोलताना आपण प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे आभार मानतो, ते योग्यच आहे. पण रफार जागेवर बसवणारी माणसंही त्या कामात तितकीच धरली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. निवृत्तीनंतर काही देऊ केलं तर बाबूजी घेत नसत. गणपतीत मात्र न चुकता येत, खव्याची जिलबी घेऊन, आणि सासऱ्यांशी जुन्या टाइपरायटरांवर तासन्‌तास बोलत.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. मूडल तोवर इंटरनेटवर आलं होतं आणि बाबूजींनी टाइप केलेले धडे आवृत्तीमागून आवृत्ती पुढे नेलेले होते. गावोगावची मुलं मोबाइलवर ते उघडू लागली. मी बाबूजींना फोन करून सांगितलं. क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, “मोबाइल में रेफ ठीक आ रहा है न?” मी त्यांना लॉगिन पाठवलं. त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर त्यांची यादी आली, धड्याचं नाव, ओळ आणि दुरुस्ती. मी आणि भय्यानं ती परीक्षेआधी पुरी केली, आणि शेवटच्या धड्यापुढे त्यांनी आणखी दोन चुका काढून पाठवल्या.