सिंहगडाच्या वाटेवरील चार चमचे साखर

पुण्याच्या मनुष्यास सिंहगडास जाणे म्हणजे प्रवास वाटतच नाही. घराच्या गच्चीवर फेरी मारून यावी तितक्या सहजतेने तो गडावर जाऊन येतो. शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे तीस किलोमीटरांवर हा गड उभा आहे. खडकवासल्याच्या जलाशयाचा काठ धरला, की गडाचा माथा व त्यावरील दूरदर्शनचा मनोरा दिसू लागतो. आता मोटारीचा रस्ता पुणे दरवाजाच्या जवळपर्यंत पोहोचला आहे. तथापि आतकरवाडीहून पायवाटेने चढण्यात जो आनंद आहे तो मोटारीत नाही, असे आमचे जुने मत. आणि त्या मताचा अभिमान बाळगूनच पौषातील एका रविवारी आम्ही चौघे पहाटे निघालो.

चौघे म्हणजे आम्ही, आमचे तीस वर्षांचे एक स्नेही, त्यांच्याहून चारच वर्षांनी वडील असलेले त्यांचे मामा, आणि महाविद्यालयात शिकणारा आमचा पुतण्या. स्नेही इतिहासाचे शिक्षक. मराठेशाहीतील कोणतीही तिथी विचारावी आणि त्यांनी वाराशुद्धा सांगावी, अशी त्यांची ख्याती. कित्येक वर्षांपासून त्यांस मधुमेह आहे व अलीकडे ते सकाळ-संध्याकाळ जेवणापूर्वी इन्सुलिन टोचून घेतात. हे आम्हांस ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे आणि समजणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या दिवशी कळले.

त्यांस घ्यावयास गेलो तेव्हा वहिनींनी उपमा केला होता. इन्सुलिन टोचून झालेले होते. स्नेह्यांनी दोन घास खाल्ले व बशी दूर सारली. "गडावरच्या पिठले-भाकरीस पोटात जागा नको का?" असे ते म्हणाले आणि आम्हीही हसून त्यांस दुजोरा दिला. त्या हसण्याची आठवण आता सुखाची नाही. वहिनींनी एका लहान पिशवीत ग्लुकोजची पुडी व बिस्किटे बांधून दिली होती. ती पिशवी, ओझे नको म्हणून, आतकरवाडीस मोटारीतच राहिली.

पायवाटेचा चढ सुमारे सहाशे मीटरांचा आहे. प्रारंभी झाडी, मग उघडा माळ, मग खडकातील वळणे. वाटेत ठिकठिकाणी गावकऱ्यांची छपरे लागतात. तेथे ताक, लिंबाचे सरबत, काकडी व आवळे मांडून घरच्या बायका बसलेल्या असतात. उन्हे कोवळी होती, वारा गार होता. पहिला तासभर स्नेह्यांचे बोलणे अखंड चालू होते. मग ते हळूहळू थांबले. आम्हांस वाटले, दम लागला असेल.

पाऊण वाट सरल्यावर पुतण्याने सहज विचारले, "काका, तानाजीने गड घेतला तो दिवस कोणता?" स्नेही थांबले. त्यांनी कपाळास हात लावला आणि म्हणाले, "सोळाशे... सोळाशे..." पुढे शब्दच येईना. मग एकाएकी चिडून ते ओरडले, "तुम्हां लोकांस दुसरे विषय नाहीत काय?" मामांनी कपाळास आठ्या घातल्या. आम्ही मनात म्हटले, आज स्वारीचा पारा चढलेला दिसतो. आणि थोडे रागावूनच चार पावले पुढे गेलो. तीस वर्षांच्या मैत्रीत या गृहस्थाने मुलावर आवाज चढविलेला आम्ही ऐकला नव्हता. एवढ्यावरूनच शंका यावयास हवी होती. ती आली नाही.

मागे वळून पाहिले तो ते एका छपराच्या खांबास धरून उभे. गार वाऱ्यातही सदरा घामाने ओला झालेला, हात थरथरत होते, नजर आमच्यावर असूनही आम्हांस ओळखीत नव्हती. छपरातील बाई पुढे येऊन म्हणाली, "आवं, दादाला बसवा आधी. पोटात काय न्हाई त्यांच्या." आम्ही त्यांस घोंगडीवर बसविले व घाईने म्हटले, "मावशी, सरबत द्या, साखर जास्त घाला." इतक्यात मामांनी आमचा हात धरला. "अहो, करता काय? त्यांस साखर म्हणजे विष!"

खरे सांगावयाचे तर आमचा हात थबकला. आपल्या घरोघरी मधुमेह म्हणजे साखरेशी वैर, एवढेच शास्त्र पोहोचलेले आहे. सणावारी त्यांच्या पानात पुरणपोळी पडू नये म्हणून आम्हीच कितीदा दक्षता घेतली असेल! तोच माणूस साखरेवाचून कोसळत आहे, हे बुद्धीस पटेना. पुतण्याच्या वसतिगृहातील सोबत्यास इन्सुलिन घ्यावे लागते. त्यामुळे त्याने हा प्रकार पूर्वी पाहिला होता. तो म्हणाला, "मामा, यांची साखर वाढलेली नाही, उतरली आहे. आता विचार नको." त्याने अर्धा पेला पाण्यात चार लहान चमचे साखर ढवळली, काकांस हाक मारून ते शुद्धीवर आहेत व गिळू शकतात याची खात्री केली, आणि घोटाघोटाने पाणी पाजले.

मग त्याने काकांच्या खांद्यावरील झोळीतून साखर मोजण्याचे यंत्र काढले. ते यंत्र आम्ही शंभरदा पाहिले होते. हाती एकदाही घेतले नव्हते. आकडा आला ४८. सत्तरच्या खाली साखर गेली, की ती धोक्याची समजावी. घड्याळ लावून आम्ही पंधरा मिनिटे बसलो. एवढी दीर्घ पंधरा मिनिटे आमच्या आयुष्यात थोडीच गेली असतील. पुन्हा मोजली तो ६३. पुन्हा तितकेच साखरपाणी, पुन्हा पंधरा मिनिटे, आणि मग ९४. घाम आटला, नजर ठिकाणावर आली. स्नेही लाजून म्हणाले, "मी कुणास काही बोललो काय?" आम्ही कोणीच उत्तर दिले नाही. बाईने स्वतःसाठी आणलेल्या फडक्यातील अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. पैसे देऊ केले, तेव्हा तिने सरबताचे तेवढे घेतले. भाकरीचे घेतले नाहीत.

परत उतरण्यापेक्षा माथा जवळ होता. पुतण्या धावत खाली गेला व रस्त्याने मोटार वर घेऊन आला. आम्ही तिघे पावलापावलाने पुणे दरवाजातून आत शिरलो. गडावर पिठले-भाकरी व मडक्यातील दही झाले. स्नेह्यांनी पुन्हा साखर मोजली, दूरध्वनीवरून आपल्या डॉक्टरांस सर्व हकीकत कळविली, आणि मगच आम्ही तानाजीच्या स्मारकापाशी गेलो. तेथे पुतण्याने काहीच विचारले नव्हते. स्नेहीच हळूच म्हणाले, "४ फेब्रुवारी १६७०." मामांनी तोंड फिरवून उपरण्याने डोळे टिपले. राजारामांच्या समाधीपाशी १७०० चे सालही त्यांनी आपण होऊन सांगितले. देवटाक्याचे थंड पाणी डोळ्यांस लावून आम्ही मोटारीने परतलो.

घरी आल्यावर या प्रकाराचे मूळ नीट समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवितो. इन्सुलिन हे औषध रक्तातील साखर पेशींत पोहोचविते. चढाच्या श्रमात स्नायूही साखर खेचून घेतात. पोटातून नवी साखर आली नाही, तर रक्तातील साठा झपाट्याने उतरतो. आणि मेंदू तर मुख्यत्वे याच साखरेवर चालतो. म्हणूनच आधी घाम, थरथर, धडधड व भूक. मग चिडचिड, विसर, अडखळते बोलणे. आणि उपेक्षा झाली तर बेशुद्धी. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही असेच होऊ शकते, व तेव्हा साखर सुधारून पुन्हा उतरण्याचे भय असते; म्हणून डॉक्टरांस कळविणे चुकवू नये. टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन शोधिले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलास टोचण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांच्या नशिबी मृत्यूच असे. ज्या औषधाने असंख्यांस जीवदान दिले, त्यास अन्नाची सोबत लागते, एवढे ध्यानी धरले पाहिजे.

उपाय साधा आहे. माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर सुमारे पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी मोजावे, कमीच असेल तर पुन्हा द्यावी. यंत्र जवळ नसेल तर त्यासाठी खोळंबू नये. पेढा, बर्फी वा चॉकलेट यांवर भिस्त ठेवू नये. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. साखर सावरल्यावर भाकरी-पोळीसारखे काही खावयास द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात थेंबही घालू नये. ते श्वासनलिकेत जाईल. त्यास कुशीवर वळवावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे औषध दिलेले असल्यास ते कसे द्यावे, हे घरातील दोघांनी तरी आधीच शिकून ठेवावे.

आता आम्ही कोठेही निघालो, की ग्लुकोजची एक पुडी आमच्या स्वतःच्या खिशात असते. ते यंत्रही आम्ही वहिनींकडून शिकून घेतले. प्रथम आमच्याच बोटास टोचून. मामांनी तर घरातील सर्वांस, स्वयंपाक करणाऱ्या बाईंसह, एके सायंकाळी बसवून हा धडा दिला. गेल्या महिन्यात आम्ही चौघे पुन्हा त्या वाटेने गेलो. स्नेह्यांनी घरून भरपेट खाल्ले होते व डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या दिवशीची इन्सुलिनची मात्राही कमी केली होती. त्या छपरापाशी थांबून मावशींस वहिनींनी दिलेली साडी दिली. त्यांनी स्नेह्यांकडे निरखून पाहिले आणि विचारले, "आज जेवून आलाय न्हवं, दादा?"